दोन हात, चार काड्या

सेमिस्टरच्या दुसऱ्या सोमवारी सरांनी माझ्यासमोर मॅलेटचे दोन संच ठेवले. प्रत्येकात चार काड्या. एका संचाच्या दांड्या वेताच्या, जरा जोर दिला की लवणाऱ्या. दुसऱ्याच्या बर्चच्या लाकडाच्या, ताठ. दोन्हींच्या टोकाला धाग्याने गुंडाळलेले गोळे. "पुढच्या सोमवारपर्यंत ठरव," ते म्हणाले. "एकदा ठरवलंस की निदान वर्षभर बदलायचं नाही."

मी तिथे संख्याशास्त्रात एम.एस. करायला गेले होते. अमेरिकेतलं इंडियाना राज्य, बाहेर मक्याची शेतं, आणि विद्यापीठाच्या तळघरात तालवाद्यांची एक खोली. मिरजेत अकरा वर्षं तबला शिकले होते. तबला सोबत नेता आला नाही, हात शिवशिवत होते, म्हणून संगीत विभागाचा एक ऐच्छिक कोर्स घेतला. तिथले विद्यार्थी सरांना सरळ नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते काही निघालं नाही. मी ‘सर’च म्हणत राहिले.

खोलीत एक मारिंबा होता आणि एक व्हायब्राफोन. पियानोसारख्याच पट्ट्यांच्या दोन रांगा, पण बोटांनी दाबायच्या नाहीत, काडीने वाजवायच्या. मारिंबाच्या पट्ट्या लाकडाच्या, व्हायब्राफोनच्या धातूच्या. दोन काड्यांनी वाजवायचं तर त्यात धरायचं काय, हा प्रश्न फारसा पडत नाही. एका हातात दोन आल्या की मात्र पंचाईत होते.

तुम्ही हे आत्ता करून बघू शकता. फोन टेबलावर ठेवा आणि दोन पेन्सिली घ्या. तळहातात त्यांची फुली करा: एक अंगठा आणि तर्जनीच्या मधून बाहेर, दुसरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून. उरलेल्या बोटांनी फुली घट्ट धरा. ही झाली ‘क्रॉस’ पकड. आता दुसरा प्रकार. एक पेन्सिल करंगळी आणि अनामिकेने धरा, ती मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधून बाहेर येऊ द्या. दुसरी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात, तिचं मागचं टोक तळहाताच्या गादीवर टेकलेलं. दोन्ही पेन्सिली एकमेकींना शिवता कामा नयेत. अंगठा आकाशाकडे. करंगळीकडची पेन्सिल बहुतेक पडली असेल. माझी पहिले चार दिवस पडतच होती.

पहिली पकड वेताच्या संचाची, दुसरी बर्चच्या. सर म्हणाले होते ठरव, आणि मला ते विचित्र वाटलं होतं. तबल्यात हात कसा ठेवायचा हे मला कुणी विचारलं नव्हतं. दिल्लीचा बाज दोन बोटांचा, चाटेवरचा. पूरबचा खुला, पंजाचा. पण गुरुजींचं जे घराणं तेच आपलं. हात त्यांनी धरून ठेवला तिथे ठेवायचा. इथे पकडी दुकानात मांडल्यासारख्या समोर होत्या, आणि प्रत्येकीला कुणातरी माणसाचं आडनाव: मसर पकड, बर्टन पकड, स्टीव्हन्स पकड. ही माणसं कोण हे शोधायला मी लायब्ररीत गेले आणि आठवडाभर तिथेच राहिले म्हणा ना.

मारिंबा मुळात आफ्रिकेच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांमधून आला, आणि मध्य अमेरिकेत, म्हणजे ग्वातेमाला आणि मेक्सिकोच्या चियापास प्रांतात, त्याने घर केलं. ग्वातेमालाने तर 1978 साली त्याला राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलं. तिथे मारिंबा एकट्याने वाजवायची वस्तू नव्हती. एकाच लांबलचक वाद्यामागे तीन-चार जण खांद्याला खांदा लावून उभे राहतात: कुणी सूर धरतो, कुणी मधली भरणी करतो, कुणी खालचा खर्ज सांभाळतो. काड्यांच्या टोकाला रबराच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. नळ्यांना खाली छोटं भोक, त्यावर डुकराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा, त्यामुळे प्रत्येक सुराला एक गुणगुणणारी झालर येते. तानपुऱ्याच्या जव्हारीची सवय असलेल्या कानाला ती लगेच आवडते.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ग्वातेमालातल्या हुर्तादो बंधूंचा मारिंबा बँड वाजला आणि अमेरिकेत या आवाजाची हवा झाली. शिकागोची डीगन कंपनी त्याच सुमाराला मारिंबा बनवू लागली होती. त्यांनी काय केलं? पापुद्रा काढून टाकला. नळ्या धातूच्या केल्या. सूर स्वच्छ केला. आणि हळूहळू वाद्यामागची चार माणसंही कमी होऊन एक उरला.

माझ्या मते चार काड्यांचा सगळा इतिहास इथे सुरू होतो. ग्वातेमालात जे काम चार जण वाटून घेत होते ते एका माणसाच्या दोन हातांत आलं, आणि मग त्या हातांत जास्त काड्या कोंबाव्या लागल्या. पकडींवरच्या लेखनात हे फारसं कुणी असं मांडत नाही. तिथे गोष्ट बहुतेक वेळा शिकागोपासून सुरू होते.

तर शिकागो. क्लेअर ओमर मसर, जन्म 1901. हा माणूस कादंबरीत शोभावा असा. डीगन कंपनीसाठी वाद्यांचे आराखडे करायचा, आणि भव्यतेचा त्याला नाद. 1933 च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यात त्याने शंभर मारिंबावादक एकत्र उभे केले. 1935 मध्ये पुन्हा शंभर तरुण मुलामुलींचा ताफा घेऊन तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यासाठी डीगनने खास बनवलेल्या मारिंबांचं नाव ‘किंग जॉर्ज’. पुढे त्याने स्वतःची कंपनी काढली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवलं, आणि ते सगळं सोडून विमान-अवकाश क्षेत्रात इंजिनिअर झाला. त्याने उल्कांच्या धातूपासून एक वाद्यही बनवलं. उल्कांपासून! हे वाचून मी लायब्ररीत मोठ्याने हसले.

पकडीच्या बाबतीत मसरचं म्हणणं असं की काड्यांची फुली करायचीच कशाला? प्रत्येक काडीला तिची तिची बोटं द्या. तळहात जमिनीकडे, काड्या वेगळ्या. त्यामुळे दोन काड्यांमधलं अंतर भरपूर वाढवता येतं. मारिंबावर हे फार महत्त्वाचं, कारण त्याच्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या नसतात. वरच्या सप्तकात चिंचोळ्या, खाली जाल तशा रुंद होत जातात. वर जे सप्तक मनगट थोडं उघडलं की हातात मावतं, तेच खाली वीतभर पसरतं. वाद्य जसजसं खाली वाढत गेलं, चार सप्तकांवरून पुढे पाचांवर, तसतसा हा प्रश्न अवघड झाला.

मसरची विद्यार्थिनी व्हिडा चेनोवेथ. ओक्लाहोमाची. मारिंबा म्हणजे करमणुकीच्या रंगमंचावरची गंमत, असं मानलं जाण्याच्या काळात तिने चार काड्यांनी बाखचं संगीत वाजवलं, म्हणजे चार आवाज एकाच वेळी आपापल्या वाटेने चाललेत असं. 1959 साली रॉबर्ट कुर्काच्या मारिंबा कन्चेर्तोचा पहिला प्रयोग तिने कार्नेगी हॉलमध्ये केला. कुर्का स्वतः तो ऐकायला नव्हता. दोन वर्षांपूर्वीच तो वारला होता. आणि मग चेनोवेथनेही मैफलींचं आयुष्य सोडलं. पापुआ न्यू गिनीत जाऊन तिथल्या उसारुफा लोकांची भाषा आणि गाणी यांचा तिने अभ्यास केला. मारिंबाच्या इतिहासात माणसं अशी अधूनमधून वाद्य सोडून निघून जातात. त्यात मला कुठेतरी दिलासा मिळाला.

आता दुसरं वाद्य. व्हायब्राफोन थेट मी राहत होते त्याच राज्यातला. इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीत हर्मन विंटरहॉफने धातूच्या पट्ट्यांखालच्या नळ्यांमध्ये मोटारीवर फिरणाऱ्या चकत्या बसवल्या आणि सूर थरथरू लागला. 1920 च्या दशकात ते बाजारात आलं. डीगनच्या हेन्री श्लूटरने 1927 मध्ये पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या केल्या आणि पायाने दाबायचं पेडल दिलं: पाय उचलला की आवाज बंद. हे पेडल नसतं तर व्हायब्राफोन नुसता घंटांचा गोंगाट राहिला असता. 1930 मध्ये लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रणात लायनेल हॅम्पटनने तो वाजवला, आणि हॅम्पटन मुळात ड्रमर. जाझमध्ये व्हायब्राफोनने प्रवेश केला तो असा.

जाझमधले हे सुरुवातीचे मोठे वादक मुख्यतः दोनच काड्यांनी वाजवत. मिल्ट जॅक्सनचं वाजवणं ऐका, एकेक सूर गायकासारखा. त्याला चार काड्यांची गरज नव्हती, कारण मॉडर्न जाझ क्वार्टेटमध्ये शेजारी जॉन लुइस पियानोवर होता. सुरावट व्हायब्राफोनची, भरणी पियानोची. अपवाद होते. रेड नॉर्व्होने 1933 सालीच मारिंबा आणि झायलोफोनवर काही अजब तुकडे ध्वनिमुद्रित केले होते. पण ते अपवादच.

मग गॅरी बर्टन. जन्म 1943, इंडियानातलाच, अँडरसन गावचा. लहान गावात वाढला, सोबत वाजवायला जाझवाले फारसे नाहीत. एकट्याने वाजवायचं तर रिकामी जागा भरायला हवी, म्हणून चार काड्या. 1964 मध्ये तो स्टॅन गेट्झच्या चौकडीत आला, तेव्हा त्या चौकडीत पियानो नव्हता. सॅक्सोफोनच्या मागे कॉर्ड कुणी द्यायच्या? वीस-एकवीस वर्षांच्या या पोराने. जुन्या क्रॉस पकडीत कोणती काडी वर आणि कोणती खाली, हे त्याने उलटं केलं. फुली तशीच राहिली, पण काड्या हातात घट्ट बसल्या, जोर आला, आणि कॉर्ड धरता धरता सुरावटही पळवता येऊ लागली. 1971 च्या त्याच्या एकट्याच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्यानंतर चिक कोरियाबरोबरचा ‘क्रिस्टल सायलेन्स’ आला. व्हायब्राफोन आणि पियानो समोरासमोर, बाकी कुणी नाही. कधी रात्री इअरफोन लावून ऐका. कुणाचा सूर कुठे संपतो हे सांगता येत नाही.

म्हणजे पकड आली ती गरजेतून. पियानो नव्हता म्हणून. हे मला इतकं पटलं की बुधवारी मी वेताचा संच जवळजवळ नक्की केला.

गुरुवारी ली हॉवर्ड स्टीव्हन्सचं पुस्तक हातात आलं आणि सगळं फिसकटलं.

स्टीव्हन्सचा जन्म 1953 चा, न्यू जर्सीचा. त्याने ड्रमर जो मोरेलोकडे धडे घेतले आणि व्हिडा चेनोवेथकडेही शिकला. मसरच्या पकडीवर तो ईस्टमन संगीत विद्यालयात असताना तासन्‌तास काम करत राहिला. मसरचा तळहात जमिनीकडे होता; स्टीव्हन्सने हात उभा केला, अंगठा वर. काड्या अगदी टोकाशी धरल्या, म्हणजे लांबी पुरेपूर वापरता येते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: एक काडी वाजवताना दुसरी स्थिर राहू शकते, जणू दुसरी काडी आस आहे आणि हात तिच्याभोवती फिरतोय. 1979 मध्ये आलेल्या त्याच्या ‘मेथड ऑफ मूव्हमेंट फॉर मारिंबा’मध्ये 590 व्यायाम आहेत. पाचशे नव्वद! हातोटीला असं वर्गवारीत बसवणं हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला न आवडून कसं चालेल?

पण मला पकडलं ते त्याच्या एका हाताच्या ‘रोल’ने. लाकडी पट्टीचा आवाज लगेच विरतो. तो लांबवायचा तर पट्टीवर भराभर आघात करत राहायचं. पूर्वी त्याला दोन्ही हात लागत. स्टीव्हन्सने एकाच हाताच्या दोन काड्या मनगटाच्या फिरकीने आळीपाळीने टेकवल्या, म्हणजे एक हात लांब सूर धरून आहे आणि दुसरा वेगळंच काही वाजवतोय. मी ती हालचाल हवेत करून पाहिली. मनगट डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हे तर धिरधिर! तबल्यावर धिरधिर वाजवताना पंजा असाच करंगळीच्या बाजूकडून अंगठ्याच्या बाजूकडे डोलतो. अकरा वर्षांपैकी दोन मी केवळ त्याच्यावर घालवली होती.

सोमवारी मी बर्चचा संच उचलला. सर काही बोलले नाहीत. ते स्वतः बर्टनवाले होते.

इथे माझी चूक सांगायला हवी. फिरकी मला पहिल्या महिन्यातच येऊ लागली आणि सगळे कौतुक करू लागले. पण धिरधिरमध्ये पंजाखाली तबल्याची पुडी असते, वजन तिच्यावर पडतं. इथे वजन अनामिका आणि करंगळीवर. मी रोज तीन-तीन तास तीच एक गोष्ट वाजवत राहिले. उजव्या करंगळीच्या मुळाशी सूज आली, लॅपटॉपवर टाइप करतानाही कळ यायची. सरांनी दोनदा हटकलं होतं, मी हसून नेलं होतं.

दिवाळीत गुरुजींना फोन केला तेव्हा बोलता बोलता सांगितलं.

"अगं, किती दिवस झाले?"

"तीन आठवडे, गुरुजी."

"आणि तू वाजवतेस अजून?" मग थोडा वेळ शांत. "सोळा बोलांचा कायदा बत्तीस वेळा वाजवला म्हणून येत नाही, हे मी तुला शिकवलं नव्हतं का? ठेव ते खाली. महिनाभर हात लावायचा नाही. ऐक फक्त."

म्हणून महिनाभर ऐकलं. आणि त्या महिन्यात मला केको आबे सापडली.

केको आबे, जन्म 1937, टोकियो. युद्धानंतरच्या जपानमध्ये 1950 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी मारिंबा आणले, ते तिने शाळकरी वयात ऐकले. 1960 च्या दशकात ती जपानी संगीतकारांना सांगू लागली की या वाद्यासाठी खरं संगीत लिहा, दुसऱ्याचं उसनं नको. मिनोरू मिकीचं ‘टाइम फॉर मारिंबा’ 1968 चं, तिच्यासाठी लिहिलेलं. यामाहा कंपनीबरोबर तिने वर्षानुवर्षं काम केलं आणि 1980 च्या दशकात पाच सप्तकांचा मारिंबा उभा राहिला. आज मारिंबाचे विद्यार्थी जे वाजवतात त्यातलं कितीतरी तिने लिहिलेलं किंवा तिच्यामुळे लिहिलं गेलेलं आहे. म्हणजे ज्या खालच्या रुंद पट्ट्यांसाठी मोठं अंतर हवं, त्या पट्ट्या वाद्यात येण्यामागेही तीच.

आणि तिची पकड? जुनी क्रॉस. फुलीवाली. ज्या पकडीला कुणाचं आडनाव नाही ती. ‘या पकडीत मोठी अंतरं जमत नाहीत,’ असं मी स्वतः त्या लायब्ररीच्या आठवड्यात वहीत लिहून ठेवलं होतं. व्हिडिओत या बाई संपूर्ण शरीर घेऊन वाद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, गुडघ्यांतून वाकतात, खालच्या सप्तकावर अक्षरशः ओणवतात. अंतर फक्त बोटांनी उघडायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. कधी कधी तर चारही सोडून सहा काड्या घेतात.

मी वहीतलं वाक्य खोडलं. मग बाकीची पानंही परत वाचली. मसर, बर्टन, स्टीव्हन्स, प्रत्येकाच्या पकडीला आडनाव आहे, कारण प्रत्येकाने ती पकड शिकवण्याची एक पद्धत उभी केली, विद्यार्थी तयार केले, छापलं, शाळांमध्ये नेलं. त्यात खोटं काही नाही. त्यांचं श्रेय त्यांचंच. पण आबेच्या पकडीला तिचं नाव लागलं नाही. ग्वातेमालात एका वाद्यामागे पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्यांनी काड्या कशा धरल्या, त्यालाही इथल्या यादीत नाव नाही. आपल्याकडेही काष्ठतरंग आहे, जलतरंग आहे. संतूरवादक ज्यांना कलम म्हणतात त्या अक्रोडाच्या काड्या दोन बोटांत किती नाजूक धरतात! मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये केरसी लॉर्ड आणि बुजी लॉर्ड या पारशी भावांनी हिंदी सिनेमासाठी व्हायब्राफोन वाजवला. ते सूर आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेत, पण वाजवणारे हात किती जणांना ठाऊक आहेत?

डिसेंबरच्या मध्यावर सूज उतरली. मी सरांकडे गेले आणि वर्षभराचा करार मोडायचा आहे असं सांगितलं. त्यांनी कपाटातून वेताचा संच काढला, जणू तो तिथे तयारच ठेवला होता. व्हायब्राफोनवर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: फुली, मोकळी बोटं, दिवसाला वीस मिनिटं, घड्याळ लावून. धातूच्या पट्ट्या थोड्या जोरावरही बोलतात, आणि तीनच सप्तकं असल्याने धावावं लागत नाही. फुलीतल्या काड्या एकमेकींवर आपटून कधी कधी ‘टक्‌’ असा आवाज येतो. स्टीव्हन्सवाले त्याला हसतात. मला तो आता ऐकूही येत नाही.

मे महिन्यात परीक्षेला दोन्ही वाद्यं होती. व्हायब्राफोनवर वेत. मारिंबावर बाखचं एक कोराल, त्यात डाव्या हाताला एक लांब सूर धरायचा होता, तेवढ्यासाठी बर्च आणि तीच फिरकी, पण आठच मात्रा.

उन्हाळ्यात मिरजेला गेले तेव्हा चार काड्या बॅगेत होत्या. गुरुजींनी त्या हातात घेतल्या, वेत वाकवून बघितला, मारिंबाच्या पट्टीचा फोटो बघून "हे शिसवीच ना?" असं विचारलं. मी म्हटलं, होय, त्याच जातीचं, होन्डुरासचं. मग त्यांनी उजव्या हातात दोन काड्या धरल्या, कशा ते मी सांगितलं नव्हतं. अंगठ्याखाली एक, मधल्या दोन बोटांत दुसरी, फुली नाही, मसर नाही, काहीच नाही. डग्ग्याच्या लाकडी पेटीच्या झाकणावर त्यांनी त्रितालाचा ठेका धरला.

"हं," ते म्हणाले. "तू डावा हात लाव."